मुलकी आणि गैरमुलकी

बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माळावर मांजरा नदी उगम पावते. उगमाशी ती अगदी लहान आहे. पुढे मात्र ती वाटेतल्या ओढ्यानाल्यांस पोटाशी घेत वाढत जाते; बीड, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतील मराठी गावे मागे टाकून बीदरच्या कानडी मुलखात शिरते; तेथून तेलुगू मुलखात उतरते आणि सुमारे सव्वासातशे किलोमीटरांचा प्रवास संपवून कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. तीन भाषांच्या लोकांनी तिचे पाणी प्यावे, तिच्या काठी मळे करावेत, आणि तिने कोणासही तुम्ही कोठले म्हणून विचारू नये, असा तिचा रिवाज आहे.

माणसांचा रिवाज तसा नव्हता. आज बीड जिल्हा महाराष्ट्रात आहे. परंतु १९४८ पर्यंत तो हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. हे संस्थान हिंदुस्थानातील मोठ्या संस्थानांपैकी एक. त्याचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस मैल असून १९४१ च्या खानेसुमारीत तेथील वस्ती एक कोट त्रेसष्ट लाखांच्या घरात भरली होती. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू भाषेचे, तीन कानडी भाषेचे आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे. या पाच जिल्ह्यांस मिळून मराठवाडा म्हणत. पश्चिमेस नगर आणि सोलापूर हे जिल्हे इंग्रजांच्या अमलाखाली होते. दोन्ही बाजूंस एकच भाषा, एकच पीकपाणी, एकच विठोबा. लेकी इकडच्या तिकडे द्याव्यात आणि तिकडच्या इकडे आणाव्यात. तरी मध्ये सरहद्द होती.

त्या काळी सोलापूरकडून मराठवाड्यात जावयाचे झाल्यास कुर्डुवाडीस ‘बार्शी लाइट’ या नावाची लहान रुळांची आगगाडी मिळे. ती बार्शीवरून लातुरास जाई. बार्शी तालुका इंग्रजी मुलखात, पण त्याच्या बहुतेक बाजूंस निजामाचा मुलूख पसरलेला. बार्शी सुटून गाडी येडशीच्या घाटाकडे वळू लागली, की उतारूंच्या ध्यानात येई, आता राज्य बदलले! झाडे तीच, माती तीच, मोट हाकणाऱ्याचे गाणेही तेच. परंतु खिशातील रुपया मात्र परका ठरे. इंग्रजी रुपयास लोक ‘कलदार’ म्हणत. संस्थानाचा रुपया निराळा. त्यावर चारमिनारचे चित्र असे आणि त्यास ‘हाली शिक्का’ असे नाव होते. शंभर कलदारांस सुमारे एकशे सोळा हाली रुपये पडत. बाजारहाट करणाऱ्या बायाबापड्यांस हा हिशेब तोंडपाठ असे; नवख्या माणसाची मात्र फसगत होई. सरहद्दीवर जकात घेणारे नाके असत. त्या खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. टपालाची तिकिटे निराळी, कचेऱ्यांत चालणारे साल निराळे, ते फसली साल. आणि कचेरीची भाषा उर्दू. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा कागद हाती घ्यावा आणि त्यात काय लिहिले आहे, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे, असा प्रकार घरोघर होता. प्राथमिक शाळेत मराठी चाले. पण वरच्या वर्गात जाताच सरकारी शाळेत गणित, इतिहास, भूगोल सारे उर्दूत शिकावे लागे. उर्दू ही गोड व समृद्ध भाषा आहे. बीडच्या बाजारपेठेत ती कितीतरी घरांत बोलली जाते. दोष भाषेचा नव्हता. ज्या मुलाच्या घरात ती नाही, त्याच्या कोवळ्या बुद्धीवर ती लादली जाई, हे दुःख होते.

या राज्यात माणसांचेही दोन वर्ग मानलेले होते. जे संस्थानचे रहिवासी ते ‘मुलकी’. जे बाहेरून आलेले ते ‘गैरमुलकी’. १९१९ सालच्या फर्मानाप्रमाणे सरकारी नोकरीसाठी मुलकी असावे लागे, आणि बाहेरच्या माणसास मुलकी ठरण्यास संस्थानात पंधरा वर्षे वास्तव्य करावे लागे. हा नियम मुळात केवळ दुष्टपणाने केलेला होता, असे म्हणता येणार नाही. उत्तर हिंदुस्थानातून येणाऱ्या शिकलेल्या लोकांच्या हाती मोठमोठ्या जागा जात आणि येथील तरुण, हिंदू काय आणि मुसलमान काय, तसेच राहत. त्या गाऱ्हाण्यातून तो निपजला. परंतु एकदा असा शब्द रूढ झाला, म्हणजे तो नोकरीपुरता राहत नाही. ‘आपला’ कोण आणि ‘परका’ कोण, हे कागदावरून ठरू लागते. पंधरा वर्षांस एक दिवस कमी पडला, तर माणूस परका. तो दिवस भरला, की आपला! अशा मोजमापात माणसाचे मन कोठे बसवावयाचे?

अशा या राज्यात एक गैरमुलकी माणूस आला. त्याचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. तो प्रदेश कानडी भाषेचा आणि त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडणारा. शिक्षणासाठी ते सोलापुरास आले. लोकमान्य टिळकांच्या मृत्यूची वार्ता १९२० च्या ऑगस्ट महिन्यात देशभर पसरली, तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचाही नव्हता. परंतु त्याने मनाशी निश्चय केला की, संसार करावयाचा नाही, जन्म देशकार्यास द्यावयाचा. असले निश्चय त्या वयात पुष्कळजण करतात. ते पाळणारे थोडे. व्यंकटेशाने सरकारी शिक्षण सोडले, अंमळनेर व पुणे येथे राष्ट्रीय शिक्षण घेतले, पुढे ना. म. जोशी या कामगार पुढाऱ्यांच्या हाताखाली कामगारांच्या चळवळीत काम केले. म्हणजे पंचविशी उलटेपर्यंत त्यांनी कानडी मुलूख पाहिला, खानदेश पाहिला, देश पाहिला, गिरण्यांतील मजुरांचे जिणे पाहिले. घर म्हणावे असे ठिकाण मात्र एकही उरले नव्हते.

१९२९ च्या सुमारास ते सरहद्द ओलांडून उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे या खेड्यात आले. तेथे काही देशभक्तांनी १९२१ साली एक राष्ट्रीय शाळा काढली होती. खेडे आडबाजूचे, वाट ओबडधोबड, वेतन नाममात्र. या शाळेत व्यंकटेशराव मुख्याध्यापक झाले आणि हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यास घेतला. भगवी वस्त्रे अंगावर आली, जुने नाव गेले. ‘स्वामी रामानंद तीर्थ’ हे नवे नाव आले. शास्त्राप्रमाणे संन्याशास गाव नसते, गोत नसते. परंतु या संन्याशाने शाळा सोडली नाही. हजेरीचा पट, खडू आणि फळा यांचा त्याग करावा, असे त्यांस वाटले नाही. १९३५ साली ते बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले.

अंबाजोगाईचे सरकारी नाव त्या वेळी ‘मोमिनाबाद’ असे होते. बालाघाटाच्या डोंगराळ भागात, जयंती नदीच्या काठी हे गाव वसलेले आहे. येथे पूर्वी निजामाच्या घोडदळाची छावणी होती. त्यामुळे दूरदूरच्या प्रांतांतील शिपायांनी या गावाची हवा चाखलेली. परंतु छावणी येण्यापूर्वीही हे गाव परक्यांस सरावलेले होते. गावची देवता योगेश्वरी. तिची कथा मोठी मौजेची आहे. ती मूळची कोकणातील, असे लोक मानतात. परळीच्या वैजनाथाशी तिचा विवाह ठरला आणि वऱ्हाड कोकणातून घाट चढून निघाले. एवढी लांबची वाट, त्यात वऱ्हाडाची चाल! अंबाजोगाईस पोहोचता पोहोचता मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी दगडाचे झाले. वैजनाथ परळीस राहिला आणि देवी अंबाजोगाईस राहिली. दोहोंमध्ये जेमतेम पंचवीस किलोमीटरांचे अंतर आहे. देवी काही माघारी कोकणात गेली नाही. आजही कोकणातील कित्येक कुटुंबे तिला आपली कुलदेवता मानतात आणि शेकडो मैलांवरून ओटी भरावयास येतात. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. परंतु ज्या गावाची देवताच वाटेत राहिलेली प्रवासिनी, त्या गावाने नवख्या माणसास ‘तुझी पंधरा वर्षे भरली काय?’ असे कसे विचारावे?

दुसरे उदाहरण मात्र इतिहासातील आहे. सोळाव्या शतकात दासोपंत या नावाचे कवी येथे येऊन राहिले. ते मूळचे नारायणपेठेचे. हे गाव आज तेलंगणात, कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. त्यांच्या वडिलांकडून सरकारी वसूल वेळेवर भरला गेला नाही, म्हणून बीदरच्या बादशहाने लहानग्या दासोपंतास ओलीस ठेवून घेतले होते, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. सुटका झाल्यावर त्यांचे मन घरात रमले नाही. दत्ताच्या भक्तीने ते पुष्कळ हिंडले आणि शेवटी अंबाजोगाईस स्थिरावले. त्यांनी मराठीत इतकी विपुल रचना केली की, तिची मोजदाद करताना अभ्यासक थकतात. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ओव्या लिहिल्या. ‘पासोडी’ या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि अंबाजोगाईत अद्याप जपून ठेवली आहे. तेलुगू-कानडी सीमेवर जन्मलेल्या माणसाने मराठीसाठी कापडाचे ठाण लिहून भरावे, आणि आज ते मराठवाड्याचे भूषण ठरावे! दासोपंत मुलकी की गैरमुलकी, हे ठरविण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

त्याच गावात स्वामी रामानंद तीर्थ शिकवू लागले. त्या काळी संस्थानात खासगी शाळा चालविणे ही सोपी गोष्ट नव्हती. परवानगी लागे आणि ती देताना सरकार पुनःपुन्हा विचार करी. सभा भरवावयाची म्हणजे तर आणखी कठीण. १९२९ साली सरकारने एक हुकूम काढला होता. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. त्या हुकमान्वये पूर्वपरवानगीवाचून सभा घेता येत नसे. चार माणसे एकत्र जमून देशाविषयी बोलू लागली, तर अधिकाऱ्यांच्या कपाळास आठी पडे. अशा स्थितीत शाळा हीच एक जागा अशी होती की, जेथे मुलांच्या मनात काही पेरता येई. देश म्हणजे काय, हे तेथील मुलास कळणे अवघड होते. नकाशात हिंदुस्थान दिसे. पण घरातले नाणे निजामाचे, टपाल निजामाचे, आणि सरकारचे म्हणणे असे की, तुम्ही आमचे प्रजाजन, बाहेरच्या गोष्टींशी तुमचे काम नाही. पुणे आणि मुंबई येथे घडणाऱ्या घटना बीडच्या मुलास ‘परराज्यातील’ वार्ता म्हणून कळत. वास्तविक ती शहरे त्याच्याच भाषेची.

शिक्षकांविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. स्वामीजी अंबाजोगाईस तीनच वर्षे होते. मुलकी ठरण्यास लागणाऱ्या काळाचा हा पाचवा हिस्सा. पण तेवढ्या अवधीत लोक त्यांस आपला माणूस समजू लागले, ते कायमचेच. हे नाते कोणत्या फर्मानाने जोडले?

१९३७ साली परतूर येथे ‘महाराष्ट्र परिषद’ या संस्थेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी जिल्ह्यांतील लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे, हा तिचा उद्देश होता. तेलुगू भागात ‘आंध्र महासभा’ असेच काम करीत होती. कानडी भागातही अशी परिषद होती. स्वामीजी या कामात पडले. गावोगाव हिंडावे, लोकांशी बोलावे, त्यांच्या ओसरीवर पडावे, मिळेल ती भाकरी खावी, पहाटे पुन्हा वाटेस लागावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. मराठवाड्याचे रस्ते तेव्हा कसले! आगगाडीचे फाटे मोजके; बाकी सारी वाट बैलगाडीची अथवा पायांची. काळी माती पावसात चाकास धरून ठेवी आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाऊल जाई. या भ्रमंतीत स्वामीजींस जे दिसले, ते एखाद्या पुस्तकात मिळाले नसते. वेठबिगारीने वाकलेली माणसे दिसली, सावकाराच्या वहीत अडकलेली शेते दिसली, आणि आपण कोणत्या देशाचे, या प्रश्नापेक्षा आज संध्याकाळी चूल पेटेल काय, हा प्रश्न ज्यांस मोठा होता, अशी घरेही दिसली. पुढे त्यांचे राजकारण नुसत्या सत्तांतरापुरते राहिले नाही, त्याचे मूळ या वाटांत सापडते.

१९३८ साली हैदराबाद संस्थानात ‘स्टेट काँग्रेस’ स्थापन होणार, असे ठरले. सरकारने ती स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घातली. बाळ जन्मण्याआधीच त्यास हद्दपारीची नोटीस मिळावी, त्यांतलाच हा प्रकार! स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला. ऑक्टोबर महिन्यात सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल यांची पहिली तुकडी गेली, मागोमाग स्वामीजी गेले आणि तुरुंगात पडले. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले, म्हणून त्यांस काढून टाकण्यात आले. विद्यार्थ्यांनी माफी मागितली नाही. त्यांपैकी कित्येक नागपूरच्या वाटेस लागले. नागपूर विद्यापीठाने त्यांस आश्रय दिला. आपल्या राज्यातून निघून परप्रांतात परीक्षा द्यावयाची, आणि तरी परदेशी गेलो असे न वाटता घरीच आलो असे वाटावयाचे, हा अनुभव त्या मुलांनी घेतला.

पुढील दहा वर्षांत स्वामीजींचे वास्तव्य संस्थानातील तुरुंगांत जितके झाले, तितके क्वचितच कोठे झाले असेल. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ मध्ये ‘चले जाव’ची चळवळ, प्रत्येक वेळी अटक. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती १९४६ साली. दुसऱ्या वर्षी ते तिचे अध्यक्ष झाले. सरकारी कायद्यात जो माणूस जन्माने बाहेरचा, तो आता तेलुगू, मराठी व कानडी या तीनही भाषांच्या लोकांचा पुढारी झाला होता.

मग १९४७ साल उजाडले. इंग्रज जाणार, हे निश्चित झाले. परंतु शेवटचा निजाम मीर उस्मान अलीखान याने जूनमध्ये फर्मान काढून जाहीर केले की, इंग्रज गेल्यावर हैदराबाद हे स्वतंत्र राज्य राहील. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. १५ ऑगस्टला बार्शीस, सोलापुरास, नगरास तिरंगी ध्वज चढले. सरहद्दीच्या अलीकडे, बीड जिल्ह्यात, तोच ध्वज उभारणे हा गुन्हा होता. दहा-पंधरा कोसांच्या अंतरावर एकाच भाषेची, एकाच जत्रेला जाणारी दोन माणसे. एक स्वतंत्र देशाचा नागरिक आणि दुसरा अद्याप प्रजाजन! त्या दिवशी स्वामीजींनी हैदराबाद शहरात राष्ट्रध्वज फडकविला आणि त्यांस पकडण्यात आले. नोव्हेंबरअखेर भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, तेव्हा ते सुटले. परंतु दोन महिन्यांच्या आत पुन्हा तुरुंगात गेले.

ते वर्ष मराठवाड्यातील वृद्ध माणसे जन्मभर विसरली नाहीत. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांची संघटना वाढली होती. तिच्या सशस्त्र टोळ्यांनी खेड्यापाड्यांतून लूटमार व जाळपोळ मांडली. विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, वकिलांनी न्यायालये सोडली. सरकारचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडली गेली, करोडगिरीचे नाके जाळले गेले. सरहद्दीपलीकडे, सोलापूर व नगर जिल्ह्यांत, चळवळीची शिबिरे उभी राहिली. आणि मग ती वाट, जी आजवर लग्नाच्या वऱ्हाडांची आणि यात्रेकरूंची होती, ती निर्वासितांची झाली. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, दाव्याला गाय, अशी कुटुंबे रातोरात पश्चिमेकडे निघत. घराची किल्ली कमरेला असे. घर मात्र मागे राहिलेले असे. बीडचा शेतकरी नगर जिल्ह्यात पोहोचला, की तेथे तो कोण? जन्माने शेजारी, भाषेने सोयरा, कायद्याने परराज्यातला. त्यास कोणी ‘गैरमुलकी’ म्हटले नाही. पण भाकरी दुसऱ्याच्या हातची खावी लागे आणि आपले शिवार क्षितिजावर दिसत राही. ज्यांनी ते सोसले, त्यांसच त्याचे मोल ठाऊक.

हा लढा हिंदू व मुसलमान यांच्यातील होता, असे कोणी समजेल तर ते चूक होईल. हैदराबादेतील ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे निर्भयपणे लिहिले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री घरी परतत असता त्यांचा खून करण्यात आला. ते मुसलमान होते, मुलकी होते, आणि त्यांचे लिहिणे उर्दूतच होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेना सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरली. इतर तुकड्या निरनिराळ्या दिशांनी आल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. लोकांच्या आनंदास सीमा राहिली नाही. तथापि त्या आनंदाच्या पाठोपाठ एक काळी छायाही आली, ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. काही जिल्ह्यांत सूडाच्या भरात निरपराध मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, अशी माणसेही मारली गेली. पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने त्या वर्षाअखेर संस्थानात फिरून याविषयी सरकारला अहवाल दिला. पिढ्यान्पिढ्या त्याच गावात राहिलेल्या त्या माणसांसही त्या दिवसांत प्रश्न पडला असेल की, आम्ही येथले नाही काय?

संस्थान भारतात आले. आता आणखी एक प्रश्न होता. तीन भाषांचे हे राज्य तसेच ठेवावयाचे, की भाषेप्रमाणे शेजारच्या राज्यांत घालावयाचे? हैदराबादची मिश्र संस्कृती टिकावी म्हणून ते अखंड ठेवावे, असे म्हणणारी वजनदार माणसे होती. स्वामीजींचे मत निराळे होते. शेतकऱ्यास आपल्या जमिनीचा कागद स्वतः वाचता आला पाहिजे, तर त्याचा कारभार त्याच्या भाषेत चालला पाहिजे, असा त्या मताचा सरळ अर्थ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे.

या विभागणीत एक गंमत झाली. स्वामीजींचे जन्मगाव सिंदगी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. ज्या हैदराबाद शहरात त्यांनी ध्वज फडकविला, ते आंध्र प्रदेशात आणि पुढे २०१४ पासून तेलंगणात आले. जेथे त्यांनी शिकविले, ते अंबाजोगाई महाराष्ट्रात. लोकांनी त्यांस १९५२ मध्ये कानडी भागातील गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये मराठी भागातील औरंगाबादेहून लोकसभेवर पाठविले. ज्या राज्याचे तुकडे व्हावेत म्हणून ते झटले, त्याच्या प्रत्येक तुकड्यात त्यांचे काही ना काही राहिले होते. २२ जानेवारी १९७२ रोजी ते हैदराबादेत वारले. त्यांची समाधी तेथेच, बेगमपेठेत आहे. नांदेडच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिलेले आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासही.

बीड जिल्ह्यातील माणसांचा प्रवास अजून संपलेला नाही. दिशा तेवढी पालटली आहे. बालाघाटाची जमीन हलकी, पाऊस लहरी. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातात, कोणी सीमा ओलांडून बेळगावकडच्या कारखान्यांवर कर्नाटकात जातात. फडाच्या कडेला पाचटाच्या खोपी उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधल्या जातात. पाचसहा महिन्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी गाड्या माघारी वळतात. मुले कधी बरोबर जातात आणि त्यांची शाळा तुटते. कधी गावातील हंगामी वसतिगृहात अथवा आजीजवळ राहतात. कर्नाटकातील दुकानदार कानडीत भाव सांगतो आणि पाटोद्याची बाई मराठीत घासाघीस करते. चार दिवसांत दोघांसही एकमेकांचे आकडे येऊ लागतात. तिला तेथे कोणी मुलकी दाखला मागत नाही. परंतु ‘तुम्ही कोठले?’ हा प्रश्न विचारला जातोच, आणि तेव्हा ती गावाचे नाव सांगून पुढे जोडते, ‘बीडकडले.’

बार्शी लाइटचे लहान रूळ आता उरले नाहीत. त्या जागी रुंद मार्ग झाला आहे. हाली शिक्का कोठे कोठे जुन्या पेटीत सापडतो. बार्शीहून येडशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एस. टी. ची गाडी जुनी सरहद्द ओलांडते, तेव्हा चालक वेग कमी करीत नाही. वाहकाने बार्शीस दिलेले तिकीट पुढेही चालते, आणि खिडकीशी बसलेल्या मुलास आपण दुसऱ्या राज्यात शिरलो असतो, हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.